न लावलेली केबल

सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सुनेने त्याची डिस्क तेवढी वाचवली आणि आपल्या लॅपटॉपच्या आतच, स्क्रीनवरच्या एका चौकटीत, तो कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. तसाच निळा, तसाच गोगलगायीच्या चालीचा. त्यात सासऱ्यांनी काढलेल्या गालिच्यांच्या चारशे नक्ष्या होत्या. त्या बाहेर आल्या तर शुक्रवारी माग सुरू होणार होते. नाही तर सासूबाई कारखान्याला कुलूप लावणार होत्या.

नक्ष्या दिसत होत्या, पण निघत नव्हत्या. आडात होतं, पोहऱ्यात येत नव्हतं. दोन्ही कॉम्प्युटरना एकमेकांची ओळख हवी होती. त्यासाठी बाहेरच्याने पिंग करायचं, म्हणजे हाक मारायची, आणि आतल्याने ओ द्यायची. सुनेने पत्ते बदलले, फायरवॉल बंद केली, सकाळपासून शंभर हाका मारल्या. आतला ढिम्म.

"यांचं असंच होतं. एका हाकेत कधी ओ दिली नाही," सासूबाई म्हणाल्या. मग स्क्रीनकडे वाकून हळूच म्हणाल्या, "अहो, पोरगी कधीची बोलावतेय."

उत्तराची ओळ उमटली. मग दुसरी. तासाभरात सगळ्या नक्ष्या लॅपटॉपवर आल्या. सुनेला रडूच आलं.

नेमकं कशाने जमलं ते टिपून ठेवावं म्हणून तिने सेटिंग उघडलं. नेटवर्कची केबल लावल्याची खूणच तिथे नव्हती. नवशिक्याची चूक. आतल्या कॉम्प्युटरला केबल जोडलेलीच नव्हती.

तिने तो बंद केला. चौकट मिटली.

उत्तरं येतच होती.

तिने हाका थांबवल्या.

ओळी उमटतच राहिल्या, सेकंदाला एक.

"आई," ती म्हणाली, "मी सगळं बंद केलंय."

"असू दे गं." सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली, पदराने चष्मा पुसला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "अहो, शुक्रवारी पहिली कुठली लावू?"

ओळी थांबल्या.

सुनेने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला.

"थांब. विचार करतायत."

लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागला.