कडेपर्यंत पोचायला वेळ

बाबांचा तो शेवटचा साधा दिवस. मी घरी विसरलेला चष्मा द्यायला ते प्रयोगशाळेत आले आणि जिन्यातच अडकले. पुढे एक तरुण काचेच्या पट्ट्यांचा ट्रे जपत एकेक पायरी चढत होता.

"गोगलगाय पुढे गेली असती रे," बाबा म्हणाले.

"गोगलगायीच्या हातात काच नसते, काका."

मी वरून हसले... आणि त्याने नेमकं तेव्हाच वर बघितलं.

तो प्रयोगशाळेत नवाच आला होता; आमच्या प्रयोगांच्या पट्ट्या आता तो घडवणार होता. पट्टीतल्या केसाएवढ्या खोबणीतून तेल आणि पाणी सोडलं की पाण्याचे थेंब ओळीने सुटतात. तेलात साबणासारखं एक द्रव्य असतं. ते थेंबाच्या कडेवर जमलं की थेंब एकमेकांना टेकतात, पण एक होत नाहीत. त्या दुपारी माझे थेंब मात्र भराभर एक होत होते, आणि मी वेड्यासारखी द्रव्य वाढवत होते.

"द्रव्य भरपूर आहे," तो सूक्ष्मदर्शकावर वाकून म्हणाला. "त्याला कडेपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. भेटायची एवढी घाई कुणाला — थेंबांना, की तुम्हाला?"

माझे कान तापले. संध्याकाळी बाबांनी त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

दुसऱ्या सकाळी बाबा उठलेच नाहीत.

रजेवरून परतले तर टेबलावर त्याने केलेली नवी पट्टी होती. थेंब भेटण्याआधी तिच्यात लांबलचक वळणं. आता थेंब टेकत होते, तरी आपापले राहत होते. तो मात्र दाराशीच थांबे. चहा ठेवी, निघून जाई. मला उमगेना — हा टाळतोय, की सांभाळतोय? आणि त्याची पावलं ऐकून माझ्या छातीत धडधडतं, ते प्रेम, की रिकाम्या घराची भीती?

शेवटी मीच विचारलं, काय चुकलं माझं. तो कितीतरी वेळ कोरडा ट्रे पुसत राहिला.

"आत्ता तुम्ही कुणालाही हो म्हणाल," तो हळूच म्हणाला. "मला कुणीही व्हायचं नाही."

राग आला. रडूही आलं. आधी कुठलं, सांगता येणार नाही. मी तेल-पाणी ढकलणारा पंप बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"मला सध्या काहीच धड कळत नाहीये," मी म्हणाले. "पण तुम्ही मला आवडता. आत्तापासून नाही... त्या दुपारपासून. तेव्हा बाबा होते."