कुठे दुखतं?

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला होता म्हणे. एकदा नाही, चांगला कोकलून कोकलून. तिला तो ऐकूच आला नाही. पावसाची बुरबुर चालू होती, वारा छत्री हिसकावू बघत होता आणि ती मान खाली घालून रस्ता ओलांडत होती. एवढ्यात कोणीतरी तिचं कोपर धरून तिला असं काही मागं खेचलं, की छत्री एकीकडे आणि ती एकीकडे!

टेम्पो सपकन पुढून गेला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी म्हटलं. "बहिरी आहेस का?" हल्ली हे वाक्य तिला नुसत्या ओठांवरून ओळखता यायचं.

ती वळली. समोर एक उंच, सडसडीत तरुण उभा होता. बाहीला काळ्या दोऱ्याचे तुकडे, केसांत फोमचा भुगा.

"थँक्यू हं... खरंच, मला कळलंच नाही..."

त्यानं आपल्या कानाकडे बोट दाखवलं आणि तळहात हलवला. नाही. काही नाही.

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी, अगदी पोटातून. एका बहिऱ्यानं दुसरीला हॉर्नपासून वाचवलं होतं! तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं उलटी झालेली छत्री उचलली, वाकलेली काडी अंगठ्यानं सरळ केली, आणि छत्री तिच्या हातात दिली. दोघंही निघाले, ते नेमके वाचनालयाच्या एकाच फाटकातून आत.

ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची. काचेच्या भोकातून लोक विचारायचे आणि ती सांगायची: एक्स-रे डावीकडे, बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. आधी हळू बोलणाऱ्यांचं ऐकू येईना, मग सगळ्यांचंच अर्धंमुर्धं येऊ लागलं. कानाच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दोन्ही कानांची नस सुकत चाललीय. यंत्र लावा, काही दिवस निभेल. नंतर यंत्रही नाही.

ठरलेलं लग्न तेवढ्यावर मोडलं. "आमचं काही नाही हो, पण पुढच्या पिढीचं बघायला हवं ना," असं मुलाकडची मंडळी चहा पिता पिता म्हणून गेली. आईनं डोळे पुसले आणि आवाज वाढवला. या दुखण्यावर तिच्याकडे तेवढंच औषध होतं.

त्या फाटकाच्या आत, वाचनालयाच्या माडीवर खुणांच्या भाषेचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून बहिऱ्या, पिकल्या केसांच्या आणि कडक. जीभ दाराबाहेर ठेवून आत यायचं. पुस्तक नाही, पाठांतर नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'भाषा पाठ करून येत नाही. काम काढलं की येते.' काम असं, की शिकणाऱ्या प्रत्येकानं खुणांत मुरलेल्या एकाबरोबर जोडी करायची आणि मोबाइलवर एक छोटी फिल्म तयार करायची. शोभेची नाही, उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी.

तिच्या वाट्याला तो आला. गाड्यांच्या सीटा आणि सोफे शिवणारा. सगळे त्याला कुशनवालाच म्हणत.

रोज एका वाक्याचा व्हिडिओ काढून त्याला पाठवायचा, मग तो चुका दाखवणार. पहिल्याच दिवशी त्याचा मेसेज आला: "तू अंगठा असा काय लपवतेस? चोरलाय का?"

तिनं ठसक्यात टाइप केलं: "तू? ओळख ना पाळख, एकदम अरे-तुरे?"

"आमच्या भाषेत समोरच्याकडे बोट दाखवतात. बोटाला आदर कुठून लावू?"

खिडकीत बसल्या बसल्या ती खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी तिनं 'मला यायला उशीर झाला' असं मोठ्या तोऱ्यात करून पाठवलं. लगेच उत्तर: "तुला बोकड झाला असं म्हणालीस. अभिनंदन! बाळबाळंतीण सुखरूप?"

मग तिनं मुद्दाम चुका करायला सुरुवात केली... आणि त्या मुद्दामच्या आहेत हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिलाही. त्यानं तिला नाव ठेवलं, खिडकी. दोन्ही हातांनी तो हवेत काच सरकवायचा, आणि त्या काचेतून डोकावून बघायचा. तेव्हा तिला दुसरीकडे बघणं जमायचं नाही. बघितलं तर बोलणंच तुटायचं ना!

फिल्मचा विषय तिनंच काढला. "माझा दवाखाना. बहिरा माणूस आला तर दारावरच्या माणसांना निदान चार खुणा यायला हव्यात. कुठे दुखतं, कधीपासून, बरोबर कोण आहे..."

त्याचे हात जागच्या जागी थांबले. मग तो उठून निघून गेला. त्या दिवशी मेसेज नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचं दुकान गाठलं.

तो मशीनवर वाकून रेक्झिन शिवत होता. तिची सावली कापडावर पडली तसं त्यानं वर बघितलं.

"माझं काही चुकलं का?"

त्यानं मशीन बंद केलं. मग अगदी सावकाश, तिला प्रत्येक खूण कळेल अशा बेतानं त्यानं सांगितलं. त्याचे वडीलही बहिरे. हे काम त्यांनीच त्याला शिकवलेलं. एका दुपारी छातीत कळ आली म्हणून ते एकटेच तिच्या त्याच दवाखान्यात गेले. हातवारे करत राहिले, झोकांड्या खात राहिले. दारावरच्या माणसाला वाटलं, प्यायलाय. त्यानं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मुलगा पोचला तेव्हा ते बसलेलेच होते. नुसते बसलेले.

"आणि तू मला तिथं सिनेमा काढायला सांगतेस?"

"कधीची गोष्ट?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तेव्हा ती तिथं नोकरीला लागलेली नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. कारण तेव्हाही दारावर तेच काका होते. तिला रोज आपल्या थर्मासमधला चहा देणारे, तिच्या कानांचं कळल्यापासून पेशंट आला की काचेवर टकटक करणारे पहारेकरी काका.

तिनं काकांना विचारलं. "बाळा, दारावर रोज शंभर माणसं येतात," एवढं म्हणून काका फाटकाकडे गेले. पण दोन दिवस त्यांनी चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच खिडकीशी आले आणि काचेच्या भोकाला तोंड लावून काहीतरी पुटपुटले.

"काका, ऐकू नाही आलं मला. पुन्हा सांगा."

काकांनी आजूबाजूला बघितलं. हॉल माणसांनी भरलेला. जे एकदा कसंबसं पुटपुटले होते, ते त्यांना दुसऱ्यांदा, मोठ्यानं बोलावं लागलं.

"आठवला म्हटलं! त्याच्या तोंडाला वास नव्हता. तेव्हाच कळलं होतं मला. पण मोठे डॉक्टर फेरीला यायचे होते, दारात गोंधळ नको म्हणून... बसवला मी त्याला बाहेर."

रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. हाच माणूस तिला चहा पाजत होता.

तिनं कुशनवाल्यापासून काही लपवलं नाही. त्यानं ऐकून... म्हणजे बघून घेतलं आणि तो म्हणाला, "तो असणार असेल तर मी येतो."

"भांडायला?"

"नाही. त्यानं मला बघावं म्हणून."

दवाखान्याची परवानगी मिळाली. काकांना खुणा तिनंच शिकवल्या. जाड, राठ बोटं. वळता वळत नव्हती. शूटिंगच्या दिवशी तिनं मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. ठरलं होतं ते सोपं होतं: पेशंट दारातून येणार, काका विचारणार 'कुठे दुखतं?', पेशंट छातीवर हात ठेवणार. झालं.

कुशनवाला आत आला. खांदा भिंतीला घासत, एक पाय ओढत. ती चाल त्याची नव्हती, आणि कोणाची होती हे काकांना कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. शिकवलेल्या खुणेनं त्यांनी विचारलं, कुठे दुखतं?

तो नुसता बघत उभा राहिला.

काकांनी पुन्हा विचारलं, कुठे दुखतं? आणि पुन्हा. चौथ्यांदा विचारताना त्यांचे डोळे वाहत होते. तेव्हा कुठे त्याचा हात वर आला आणि छातीवर टेकला. काकांनी त्याला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. फिल्म थांबवायला हवी होती. तिनं थांबवली नाही.

नंतर दोघं मागच्या पायऱ्यांवर बसले. बारीक पाऊस होता, वळचणीचं पाणी चपलांवर उडत होतं.

"माफ केलंस त्यांना?"

"नाही." मग जरा थांबून, "पण त्यानं विचारलं. उशिरा का होईना... विचारलं."

तो तिच्याकडे वळला. पावसानं तिच्या गालाला चिकटलेली बट त्यानं एका बोटानं बाजूला केली, आणि मग त्याच ओल्या हातांनी विचारलं, "तुला कुठे दुखतं?"

आजवर सगळ्यांनी तिला डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं होतं. आता नोकरीचं काय, लग्नाचं काय, ते विचारलं होतं. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिला बोट ठेवायला जागा सापडेना. कानावर ठेवलं, गळ्यावर ठेवलं... आणि मग तिनं त्याच्या खांद्यात तोंड लपवलं. तो काही बोलला नाही. बोलणार कसा? त्याचे दोन्ही हात तिच्याभोवती होते.

पुढं हिवाळ्यात एका सकाळी ती उठली, तर आईचे ओठ हलत होते आणि घरात कसलाच आवाज नव्हता. यंत्राची बॅटरी बदलून बघितली, कान दाबून बघितले. काही नाही. दवाखान्यानं तिला खिडकीवरून काढून फायलींच्या खोलीत बसवलं. तिथं दिवसभर कोणी येत नसे. कुशनवाला तिला धीराचे शब्द देत बसला नाही. संध्याकाळी घरी येऊन शेजारी बसायचा, तिला रडू यायचं तेव्हा रडू द्यायचा. अंधार पडू लागला की हात दिसावेत म्हणून मोबाइलचा दिवा लावून मध्ये ठेवायचा.

आईनं एक दिवस पाटी पुढं ओढली आणि खडूनं लिहिलं: 'त्याला ऐकू येत नाही, तुलाही येत नाही. दारावर कोणी आलं तर उघडणार कोण?'

"बेल दाबली की दिवा लागतो, आई. त्यानं स्वतःच्या घरी लावलाय," ती म्हणाली. आपला आवाज मोठा येतोय की लहान, हे तिला कळत नव्हतं.

आईनं खडू पुन्हा उचलला. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं: 'आणि बाळ रडलं तर?'

ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. आईचा हात केसांतून फिरत होता.

त्यानंतरच्या रविवारी ती त्याला मदत करायला गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाचा सोफा पोचवायचा होता. जिना अरुंद, सोफा भला थोरला. पुढं तो उलटा चालत, मागं ती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो एकाएकी थांबला. तिनं भुवया उडवल्या: काय? त्यानं मान हलवली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण दोघांचेही हात गुंतलेले. एक पायरी चढला, पुन्हा थांबला. शेवटी त्यानं सोफा धाडकन खाली ठेवला. वर एक आजीबाई पिशवी घेऊन खोळंबलेल्या, खाली एक जोडपं. सगळे काहीतरी बोलत होते.

"माझ्याशी लग्न कर," तो म्हणाला. "सोपं जाणार नाही. घाबरशील. मीही घाबरतो."

"इथं? जिन्यात?" तिनं विचारलं. "आणि बाळ रडलं तर रे?"

"एक जण झोपेल, एक जण बघत बसेल. पाळीपाळीनं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आले तसं समोरचं सगळं पुसट झालं. तिनं घाईघाईनं डोळे पुसले... त्याचं पुढचं वाक्य निसटायला नको होतं. पण तो पुढं काही बोलत नव्हता. वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. हातांनी म्हणाली आणि तोंडानंही, बहुतेक फार मोठ्यानं. कारण वरच्या आजीबाई दचकल्या, आणि पिशवी सावरत, वाट देत दोन पायऱ्या मागं सरून उभ्या राहिल्या.

मग तिनं आपल्या बाजूनं सोफा उचलला.