रिकामं मिनिट

आमच्या रेडिओ केंद्रावर दर बुधवारी दुपारी 'आडवाट' या प्रश्नमंजूषेचं ध्वनिमुद्रण होतं. दोन संघ, प्रत्येकात दोन माणसं, प्रत्येक संघाला चार प्रश्न. प्रश्न सरळ कधीच नसतात. 'जिराफाकडे जितके, तितकेच उंदराकडे. आठवड्याच्या वारांना एकेक वाटले तर एकही उरत नाही. काय?' अशी त्यांची तऱ्हा. संघानं मोठ्यानं विचार करत उत्तराकडे सरकायचं. अडलं तर सूत्रसंचालक इशारा देतात आणि एक गुण कापतात. प्रश्नांची बंद पाकिटं त्यांच्याच ताब्यात असतात. मी काचेपलीकडे बसून फक्त आवाज सांभाळते, त्यामुळे माझे बाबा एका संघात असले तरी कुणाची हरकत नाही.

बाबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या जोडीला आत्या, निवृत्त नर्स. ही दोघं भावंडं माइकसमोर अशी भांडतात की श्रोते त्यावरच पत्रं पाठवतात.

गेल्या वर्षी बाबांचं विसरणं वाढलं. चष्मा साबणाच्या डब्यात सापडायचा. दुकान बंद करून तीन वर्षं झाली तरी सकाळी उठून दुकानाची किल्ली शोधायचे. मी जात्याच तापट. दोनदा त्यांच्यावर ओरडले आणि दोन्ही वेळा न्हाणीघरात जाऊन रडले.

"अगं, तुला ओळखतो ना अजून?" आत्या म्हणाली. "मग झालं तर."

माझ्या या स्वभावामुळे बाबांनी लहानपणीच माझं नाव 'काडेपेटी' ठेवलंय. ती हाक एक दिवस बंद पडेल, एवढीच मला धास्ती होती.

ध्वनिमुद्रणाआधी मी स्टुडिओ रिकामा करते, दार लावते आणि सगळे माइक चालू ठेवून एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे कुणाची शिंक कापली की त्या जागी हीच शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला मध्येच खड्डा लागल्यासारखं होतं. आम्ही तिला रिकामं मिनिट म्हणतो.

जिराफाच्या प्रश्नाचा भाग जोडायला बसले तेव्हा त्या मिनिटात कुणीतरी बोलत होतं. अगदी बारीक. मी आवाज वाढवला.

"मानेचे मणके. सात. जिराफ झाला म्हणून काय झालं!" आणि मग खाकरणं.

बाबाच. पण त्या वेळी ते बाहेर आत्याबरोबर चहा पीत बसले होते आणि दार मी स्वतः लावलं होतं. मी मुख्य मुद्रणातलं त्यांचं उत्तर काढलं आणि दोन्ही आवाजांच्या रेषा पडद्यावर एकावर एक ठेवल्या. खाकरण्यासकट जुळल्या. फक्त प्रश्न विचारला गेला होता चाळीस मिनिटांनंतर.

मी वायरी बदलल्या, जुन्या फाइली पुसल्या, दुसरं यंत्र लावलं. पुढच्या बुधवारी रिकाम्या मिनिटात पुन्हा बाबांचा आवाज, या वेळी चारही उत्तरं. दुपारी बाबांनी तीच चार दिली, एकही इशारा न घेता. घरी चष्मा सापडायचा नाही, पण माइकसमोर माणूस लख्ख! तळाला असलेला त्यांचा संघ बघता बघता अंतिम फेरीत गेला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी खूश होते. दर बुधवारी हेडफोन लावून चार उत्तरं मोजायची, आज बाबांचं निभावणार म्हणून सुस्कारा टाकायचा आणि दार उघडायचं.

अंतिम फेरीच्या दिवशी पाच निघाली.

चौथ्यानंतर थोडी शांतता होती. मग बाबांचा तोच समजूतदार, हसरा आवाज.

"एवढ्या मायेनं विचारताय म्हणून सांगतो, बाई. मला मुलगी नाही."

चार प्रश्नांत ते जिंकले; पाचवा कुणी विचारलाच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेवर टिचकी मारून बाबा ओरडले, "काडेपेटी, बघितलंस का?" मी मान हलवली.

आमच्या खेळाचा एक नियम आहे: प्रश्न पूर्ण विचारला गेल्याशिवाय उत्तर धरायचं नाही. मी तो नियम घट्ट पकडला. बाबांना तो प्रश्न विचारायचाच नाही. शेजारच्या काकूंना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, "ही कोण, ओळखा पाहू" असलं काही नको. आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं, पण तीही कबूल झाली.

सात महिने सुखात गेले, अगदी मनापासून सांगते. बाबा खिडकीत बसून जुनी घड्याळं उघडायचे, मी शेजारी बसून स्क्रू हातात द्यायची. मला राग येणंसुद्धा कमी झालं. ते रोज हाक मारायचे, मी रोज ओ द्यायची. विचारायचं काहीच नव्हतं.

मधल्या सुट्टीनंतर आज 'आडवाट'च्या नव्या पर्वाचं पहिलं ध्वनिमुद्रण. सकाळपासून माझा घसा बसलाय. "बरं झालं," आत्या म्हणाली, "गप्प बसायला निमित्त मिळालं." बाबा खो खो हसले. दोघांना बाहेर बाकावर बसवून मी दार लावलं.

मिनिट मुद्रित केलं. हेडफोन लावले.

पहिलं उत्तर. दुसरं. तिसरं, चौथं.

मग शांतता.

मग एका बाईचा आवाज, अगदी मायेनं:

"बाबा, मी कोण?"

आणि बाबांचं खाकरणं.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज माझाच होता. बसलेला.