तिसऱ्या नळीतलं पाणी

"आजी, एकाच पाठीतून काढलेलं पाणी एका नळीत लाल आणि दुसरीत स्वच्छ कसं?"

उर्मीने हे विचारलं तेव्हा चंद्रवस्तीच्या इस्पितळात तिच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, पृथ्वीवर नेण्याची तयारी चालली होती. वृंदाला दोन दिवस ताप होता, डोकं ठणकत होतं. डॉक्टरांनी तिच्या कमरेतून सुईने मज्जाद्रव (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी) काढून एकामागून एक तीन नळ्यांत भरला होता. मेंदूच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं. पण मोजू या यंत्रमानवाने पहिली नळी तपासून सांगितलं, "द्रवात रक्त. मेंदूत रक्तस्राव."

"इलाज पृथ्वीवरच होईल," डॉक्टर म्हणाले. "पण अशा अवस्थेत यानाचे हादरे तिला सोसतील का, सांगता येत नाही."

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं. तरी मला त्या क्षणी आठवला तो मिरजेचा आमचा नळ.

"उर्मी, आमच्याकडे दिवसाआड पाणी यायचं. पहिला तांब्या गंजाने लाल. आई तो झाडांना ओतायची, मग हंडा लावायची."

"म्हणजे गंज नळात होता, टाकीत नव्हता!"

"टाकीत असता तर?"

"सगळे हंडे लाल!" उर्मी ताडकन उठली. "मोजू, तू नुसता पहिला तांब्या बघितलास!"

"पहिली नळी आधी आली. आधी तिचा नंबर," मोजू म्हणाला.

"ही काय रेशनची रांग आहे, शहाण्या?"

मी डॉक्टरांना तेच म्हणाले : सुई आत जाताना वाटेतली बारीक रक्तवाहिनी कधी कधी टोचली जाते. तिचं रक्त पहिल्या थेंबांत मिसळतं, पुढचे थेंब स्वच्छ होत जातात.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "रंग फिका झाला, एवढ्यावर मी यान थांबवणार नाही."

"थांबवू नका," मी म्हणाले. "आधी पहिली नळी फिरकीयंत्रात (गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) घाला. रक्त दोन दिवसांचं असेल, तर पेशी फुटून वरचं पाणी पिवळं दिसेल. आत्ताच टोचल्याचं असेल, तर नितळ."

यंत्र थांबलं. नळीच्या तळाशी लाल ठिपका होता. उर्मीने मागे पांढरा कागद धरला.

"पिवळं नाही! आजी, जराही नाही!"

मग मोजूने तिसरी नळी तपासली. तांबड्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, पांढऱ्या मात्र वाढलेल्या. पुढच्या तपासण्यांत उलगडा झाला : मेंदूच्या आवरणाला विषाणूची बाधा झाली होती, आणि ती इथेच बरी होण्यासारखी होती.

"यान रद्द!" डॉक्टर ओरडले, आणि उर्मीने मोजूलाच मिठी मारली.

वृंदा घरी आली त्या दिवशी मोजू भेटायला आला. उर्मीने शिकवलेला नवा नियम त्याने मंगळवस्तीच्या यंत्रमानवांनाही कळवला होता. मी पाणी मागितलं. त्याने पहिले दोन पेले कुंडीत ओतले आणि तिसरा अदबीने माझ्यापुढे धरला.