देवकीमावशीची मूठ

देवकीमावशीला दुपारी केंद्रात न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम तिच्या भाचीकडे, ऋतिकाकडे होतं. डिचोलीच्या बाजारामागे मानसोपचाराचं ते लहानसं केंद्र. मानसशास्त्राची पदवी घेऊन ती तिथेच नुकती नोकरीला लागली होती. पोरगी हुशार, पण भारी भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. तिथलं उपचाराचं यंत्र चालवणारा साईश मुद्दाम मागून "गो ऋतिका!" अशी हाक घालायचा, तिच्या हातातला चहा हमखास सांडायचा, आणि मग तोच फडकं आणून लादी पुसायचा.

केंद्रात एक संशोधन चाललं होतं. भयंकर प्रसंगानंतर ज्यांचं मन तिथेच अडकून पडलंय, अशांच्या डोक्याजवळ एक कॉइल धरायची आणि तिच्यातून मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचे. भूल नाही, दुखणं नाही. नुसती ठकठक, सुतार पक्षी खोडावर बसल्यासारखी, मग जरा विसावा, मग पुन्हा ठकठक. मात्र काहींना खरी कॉइल लावत आणि काहींना नुसता आवाज करणारी. कोणाला कुठली, हे अभ्यास संपेपर्यंत साईशलासुद्धा कळायचं नाही.

मावशी चोपड्याची. तिचे यजमान जयरामकाका शापोरा नदीत मासे मारायचे, आणि मावशी होडीत बसून जाळं सांभाळायची. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी होडी उलटली. मावशी वर आली, काका आले नाहीत. मावशीने त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि तो सुटला. तेव्हापासून तिची उजवी मूठ मिटली ती मिटलीच. शिरा ठीक, हाडं ठीक, पण मूठ उघडेना. जेवायची डाव्या हाताने. झोपेत ओरडत उठायची.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच खरी कॉइल लावून ठोक्याच्या जोराचं माप घ्यावं लागतं. एक ठोका द्यायचा आणि अंगठा उडतो का ते पाहायचं.

"मावशी, मूठ उघड गो," ऋतिका म्हणाली.

"नाय. उघडलंय तर ते जातले."

खूप विनवल्यावर तिने अंगठा तेवढा बाहेर काढू दिला. ठोका बसला आणि अंगठा टुणकन उडाला.

"बघ मावशे, बटण चालू आसा!" साईश म्हणाला. मावशी पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवसापासून उपचार. आता कॉइल कपाळाच्या बाजूला सरकली होती. अंगठ्याशी तिचा काही संबंध उरला नव्हता. नात्यातली म्हणून ऋतिकाला यंत्राला हात लावायची मुभा नव्हती, तिने नुसतं शेजारी बसायचं. बाहेर रणरणतं ऊन, आत पडदे ओढलेले. ठकठक झाली. यंत्र विसाव्याला थांबलं. खोलीत फक्त पंख्याची घरघर...

आणि त्या विसाव्यात मावशीचा अंगठा हलला. दोनदा भरभर. मग थांबून एकदा.

"आयकलंस?" मावशी डोळे मिटून पुटपुटली.

"काय गो...?"

"होडयेच्या काठाक वल्हं मारतत."

जाळ्यात मासे हाकायला होडीच्या काठावर वल्हं आपटतात, हे ऋतिकाला माहीत होतं. पण काकांची घरी परततानाची खूण वेगळी. दोन ठोके भरभर, मग थांबून एक. काका एकटे गेलेले असले, की ती खूण नदीवरून ऐकू येताच मावशी चुलीवर भात ठेवायची. खोलीत आता चिखलाचा वास येत होता. ओहोटीच्या वेळी नदीकाठच्या खाजनात, खाऱ्या दलदलीत येतो तसा, खारट, कुजकट. साईशला कसलाच वास येत नव्हता.

"अंगठा? हलता कधी कधी," तो म्हणाला. "कॉइल जराशी सरकली आसतली."

मावशी मात्र सुधारत चालली. रात्री शांत झोपू लागली. एकेक बोट सैल होऊ लागलं. एका दुपारी ऋतिकाने वाकून पाहिलं. विसाव्यात अंगठा आपोआप हलत नव्हता. त्याच्या कातडीवर खळगा पडत होता. ओला. कोणीतरी न दिसणाऱ्या बोटाने तो अंगठा हळूहळू मागे सारत होतं... अगदी जपून, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं.

ती ओरडली असती. पण ओरडली असती तर चौकशी झाली असती, मावशीचं नाव अभ्यासातून निघालं असतं, आणि ते रात्रीचं किंचाळणं पुन्हा सुरू झालं असतं. ऋतिकाने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि ती बसून राहिली.

शेवटच्या दुपारी मूठ पुरती उघडली. मावशी बराच वेळ रडली, मग तिने चहा मागितला, आणि कप उजव्या हाताने धरला.

अभ्यास संपल्यावर एकदा साईश ऋतिकाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. या वेळी त्याने दचकवलं नाही.

"ऋतिका, तुझ्या मावशीक... नुसत्या आवाजाची कॉइल होती गो."

त्याच संध्याकाळी ती स्कूटर काढून चोपड्याला गेली. मावशीने बेकरीतून उंडे पाव आणले होते. चहाबरोबर तिच्यापुढे ठेवत ती शांतपणे म्हणाली, "माका ठावक आसा."

"काय ठावक आसा?"

"इतकी वर्सां वाटलां, हात मी सोडलंय. मी सोडूक नाय गो. त्येंनीच माझो अंगठो उघडल्यानी आणि माका वर ढकलल्यानी. मी इसारलंय, म्हणान परत येवन दाखवल्यानी." तिने ऋतिकाच्या गालावरून हात फिरवला. "आता माका धरूची गरज नाय. त्येंका सांगलंय, आमच्या ऋतूक सांभाळा. पोर लय भिता."

"मावशी, मस्करी नको हां..."

मावशी हसली. मायेने, अगदी पूर्वीसारखी.

परतताना शापोरा नदीच्या पुलावर वारा खारट होता. ऋतिकाने एकदाही बाजूला पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात चहा घेऊन उभी होती. मागून साईशने नेहमीसारखी हाक घातली, "गो ऋतिका!"

चहाचा एक थेंबसुद्धा सांडला नाही. साईश फडकं घेऊन तसाच उभा राहिला.

तिच्या अंगठ्यावर एक गार, ओला दाब बसला होता. दोनदा भरभर... मग थांबून एकदा. कप खाली ठेवायला ती वाकली, आणि कपाभोवतीची तिची बोटं सुटेनात.