उन्हाळ्यापर्यंत चालते म्हणे

मेहकरच्या बाजारात आमची मोटर बंद पडली. बॉनेटखालून डोकं वर काढलेल्या मिस्त्रीने आधी माझ्याकडे पाहिलं... मग बाबांकडे.

"बाटरी दमली, अर्जुनराव," तो म्हणाला.

शालिग्राम त्याचं नाव. साल एकोणीसशे अडतीस. आमच्या डोणगावात मोटर एकच, ती आमची. म्हणून दर पंधरवड्याला तो सायकल मारत येऊ लागला. बॅटरीत पाणी घालायचा, काचेच्या नळीत तेजाब ओढून पाहायचा. मी चहा घेऊन उभी राहायची — जरा जास्तच वेळ.

"हिची उमर किती असते?" मी एकदा विचारलं.

"दोन वरीस. लय जपलं तं तीन. आपल्याकडचं ऊन तिले आतून खाते, अन् थंडीत ते दगा देते."

"अन् नवी घ्याची तं?"

"हातात वजनदार लागली पाह्यजे. दुकानात वरीसभर पडून राह्यलेली नोका घेऊ, ताजी भरलेली घ्या."

"मंग पंधरा दिवसाले पाणी टाकाले कोन येईन?"

त्याने नळी पुसली. पुन्हा पुसली. "नवीले... माही तेवढी गरज नाही पडत."

त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असतील.

दसऱ्याच्या सुमारास तो आला तेव्हा बाबा शेतात होते. "त्याहिले सांगा," तो मला म्हणाला, "हिवाळ्याच्या आत बाटरी बदला. तिचा एक खण मेला हाये."

संध्याकाळी बाबांनी बॅटरीचं विचारलं. मी म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत चालते म्हणे."

त्याने आणखी चार फेऱ्या माराव्यात... एवढंच मला हवं होतं.

पौषातल्या एका सकाळी आईच्या पोटात कळ उठली, ती थांबेना. बाबा हँडल मारत राहिले. तळहात सोलून निघाले, पण बॅटरीत ठिणगीपुरताही जीव नव्हता. शेवटी बैलगाडी जुंपली. मेहकरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. "दोन तास आधी आणलं असतं तर —" म्हणून डॉक्टर थांबले. आई गेली होती.

बाबांनी कुणालाच बोल लावला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर तेच म्हणाले, "कोकिळा, शालिग्राम चांगला पोरगा हाये, आपल्यातलाच. तुह्या मायलेही पसंत होता. बलावू त्याले?"

तो आला. बाबा मुद्दाम गोठ्याकडे गेले. ओसरीवर मी त्याला सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "त्याच्यानंतर चारदा आलो मी. बाटरी तेच होती अन् अर्जुनराव समोर बसून होते. एक शबद बोललो असतो तं... नाही बोललो. मलेही इथं याचंच होतं ना."

"तुमी आवडता मले," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. "पन तुमच्याकडे पाह्यलं का, गाडीत तळमळनारी माय दिसते."

"मलेही दिसते," तो म्हणाला.

तो उठून गोठ्याकडे गेला, बाबांच्या पाया पडला. हे लग्न मला करायचं नाही, मेहकरचं दुकान जळगाव जामोदला हलवतो आहे, असं त्यानेच सांगितलं. माझं नाव त्याने घेतलं नाही.

बाबा पुढे अकरा वर्षं जगले. पोरगा कृतघ्न निघाला, असं ते अखेरपर्यंत म्हणत. मी मान खाली घालून ऐकायची... आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढायची.