खरखरणारी गिटार

टँकर आला की आमच्या गल्लीत माणसं दुकानं उघडी टाकून पळायची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या कोऱ्या, नळ मात्र कोरडेठाक! माझे वडील, अण्णाही रेडिओ दुरुस्तीचं दुकान माझ्यावर टाकून घागरी घेऊन पळाले, आणि नेमका तेव्हाच तो आला.

"शेषेराव मिस्त्री हायत का, ताई?"

"अण्णा टँकरवर गेलेत. आन् ताई कुनाला म्हणून राहिलात?"

मी उघड्या रेडिओतून मान वर केली... बाई गं! उंच, सावळा, घामाघूम, आणि छातीशी लाल इलेक्ट्रिक गिटार.

"मग... काय म्हणू?"

"तारामती. काय झालं गिटारीला?"

तो भीमा. भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. वायर खुपसली की गिटार खरखरायची, जरा हलली की गप्प. मुरुडला भर कार्यक्रमात बंद पडली, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"आज सांजच्याला जयंतीचा कार्यक्रम हाय. आजबी बंद पडली तर मालक नांदेडचा गिटारवाला आणणार. मग मी अर्धापूरला, मामाच्या केळीच्या बागेत."

"केळीला गाणी ऐकवायला?"

"हसू नका हो..." त्यानं गिटार छातीशी आणखीच घट्ट धरली. खोटं कशाला सांगू, यानं अर्धापूरला जाऊ नये असं मला तेव्हाच वाटायला लागलं होतं.

मी गिटारीची पट्टी उघडली. आत जॅकची, म्हणजे वायर खुपसायच्या खोबणीची, तार पिळून तुटलेली, पत्ती ढिली.

"नट कोन आवळतं?"

"मीच. दर कार्यक्रमाआधी, जोर लावून."

"हाव, दिसलं! जॅक आतून धरायचा असतो. तुमी नुसता नट पिळला, त्याच्यासंगं आख्खा जॅक फिरला."

"अंगात जोर लई हाय ना—"

"आन् अक्कल?"

"ती तुमच्याकडून घेतो."

आगाऊ कुठला! मला हसू आवरेना.

नवा जॅक लातुरात कुठून मिळायचा? माझी नजर अण्णांच्या ॲम्प्लिफायरवर गेली. तोच सांजच्या कार्यक्रमाला भाड्यानं जाणार होता. त्याला माईक लावायच्या चार जागा. अण्णांचा जीव की प्राण! मी त्यातला एक जॅक काढला.

"मिस्त्री चिडतील."

"चिडू देत. तुमी जॅक धरा. कथलाचा डाग गार होईस्तोवर हलायचं न्हाई."

त्यानं जॅक धरला, मी तारेला डाग दिला. धूर दोघांच्या डोळ्यांत गेला, पण मागं कुणीच सरकलं नाही.

"झालं?"

"न्हाई अजून."

डाग केव्हाच गार झाला होता.

"गार झालाय वाटतं..." तो हळूच म्हणाला. हात मात्र काढला नाही.

सांजच्याला गिटार अशी खणखणीत वाजली की शिट्ट्या पडल्या, पण कौतुकाच्या! मग बक्षिसं सुरू झाली. आमच्याकडं देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारतात. नावं सगळी बाप्यांची. मी पाच रुपये मुठीत धरून सरळ स्टेजवर चढले.

"कुनाच्या नावानं? अण्णांच्या?" पार्टीचे मालक किशनराव यांनी विचारलं.

"माझ्या. तारामती शेषेराव सूर्यवंशी."

"कोनत्या गाण्याला?"

"गाण्याला न्हाई, गिटारवाल्याला. आन् त्याला म्हणावं, अर्धापूरला जायचं न्हाई."

माईक चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. गिटार थांबली... या खेपेला जॅकचा दोष नव्हता.

अण्णा ॲम्प्लिफायरपासून उठले. मी मात्र खाली उतरले नाही.

"जॅक तू काढलास?"

"हाव, अण्णा."

"आन् हे जे बोललीस, ते खरं?"

"हाव. तेबी खरं."

अण्णांनी भीमाकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आरं, उभा काय राहिलास ठोंब्यासारखा? पोरीनं चारचौघांत इचारलंय. जबाब दे की!"

भीमा माईकपाशी आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं, मग पुन्हा माझ्याकडंच.

"मी कुठंच जात न्हाई," तो म्हणाला. "तारामतीला सोडून तर न्हाईच न्हाई."